लेकीचं रात्रीचं जागरण आणि पुढची वाट

पत्र : माझी मुलगी अलिबागला इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचं नाझेरियन इस्रायल अध्ययन केंद्र आहे, त्यांची ऑनलाइन व्याख्यानं ती रात्री एक-दीडपर्यंत जागून ऐकते. इस्रायली समाज, ज्यू लोकांचं जगणं असे विषय असतात. आता म्हणते, यातच पुढे जायचं. तिचे बाबा म्हणतात, बी.एड. कर. तुम्हाला काय वाटतं? – एक आई, रायगड

ताई,

आधी जागरणाचं बघू. लॉस एंजेलिसला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. पण त्या केंद्राची बरीच व्याख्यानं नंतर यूट्यूबवर असतात. ती सकाळी चहाबरोबर ऐकावीत. एखाद्या वक्त्याला प्रश्नच विचारायचा असेल, तर त्या रात्री खुशाल जागू दे.

अशी केंद्रं सर्वसामान्य लोकांसाठी व्याख्यानं, चर्चा ठेवतात. ती कितीही ऐकली तरी पदवी मिळत नाही. हा फरक मुलं विसरतात आणि दोन वर्षं हातची जातात. बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात शुस्टरमन इस्रायल अध्ययन केंद्र आहे. तिथेही पीएच.डी.चे विद्यार्थी इतिहास, राज्यशास्त्र अशा विभागांत शिकतात, केंद्र त्यांना पाठबळ देतं. म्हणून तुमच्या लेकीचं पहिलं घर इतिहासच हवं. एम.ए. मुंबई विद्यापीठातून करावं किंवा जेएनयूला जावं. तिथे पश्चिम आशियाच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्रही आहे. मग नेट-जेआरएफ ही राष्ट्रीय परीक्षा. ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये शिष्यवृत्ती असते, म्हणजे संशोधनाची सुरुवातीची वर्षं घरावर भार पडत नाही.

बाबांची काळजी मला पटते. फक्त ‘इस्रायल’ या विषयावर नोकरी देणाऱ्या जागा भारतात फार थोड्या आहेत. पण इतिहासाची पक्की पदवी आणि त्यात हा खास अभ्यास असेल, तर अध्यापन, पत्रकारिता, अभिलेखागारं, संग्रहालयं असे रस्ते उघडे राहतात. बी.एड. एम.ए.नंतरही करता येतं. ते आत्ता लादू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तुम्ही अलिबागच्या आहात! बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते, ते नवगाव तुमच्या शेजारी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडलं ते याच मुलखात. पेणकर, रोहेकर, किहिमकर ही त्यांची आडनावं तुमच्याच गावांची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. १८७४ मध्ये पुण्यात मराठी हगादा छापली गेली. वल्हांडण (पासओव्हर) या ज्यू सणाच्या रात्री घरोघर वाचायची ही पोथी. इस्रायलला गेलेल्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. तिथल्या धर्मपीठाने लग्नासाठी त्यांच्या पूर्वजांची चौकशी मागितली, तेव्हा ही माणसं आंदोलनाला उतरली आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. इस्रायली समाज आतून कसा घडला, कोणाला आत घेताना काय अटी घातल्या गेल्या, हे या एका प्रकरणातून दिसतं.

हे कागद वाचायला परदेशी अभ्यासकाला आधी मराठी शिकावं लागतं. तुमच्या लेकीला ती तुमच्याकडून मिळाली आहे. तिला कमी आहे ती हिब्रू, आणि तिची सुरुवात याच महिन्यात व्हायला हवी. रोज अर्धा तास, आधी लिपी, मग सोपी वाक्यं. एम.ए. संपेपर्यंत वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. भाषेशिवाय या विषयात पुढे कोणी फारसं विचारत नाही, हे तिला स्पष्ट सांगा.

आणखी एक. इस्रायलच्या नागरिकांत जवळपास पाचवा हिस्सा अरब आहे. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धाने अमेरिकेतली विद्यापीठंही ढवळून निघाली. एकाच केंद्राची व्याख्यानं ऐकून मत बनवू नये. पॅलेस्टिनी इतिहासकारांनाही तितक्याच मनापासून ऐकावं आणि वाचावं. मुलाखतीत हे विचारलं जाईलच, पण मी ते मुलाखतीसाठी सांगत नाही. ज्या माणसांची घरंदारं यात गेली, त्यांच्याबद्दल अर्धवट ज्ञानावर बोलू नये म्हणून सांगते.

या सुट्टीत तिला अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये घेऊन जा. आधी विचारून, परवानगी घेऊन. कोणी ज्येष्ठ बोलायला तयार असतील तर मलिदा या त्यांच्या विधीबद्दल, इस्रायलला गेलेल्या भावंडांबद्दल, तिकडून आलेल्या मराठी पत्रांबद्दल विचारू दे. त्यावर तिने दहा पानं लिहावीत, त्यांचा इंग्रजी गोषवारा करावा आणि ज्या वक्त्याचं व्याख्यान सगळ्यात आवडलं त्यांना एका नेमक्या प्रश्नासह पाठवावा. मराठी दहा पानं मात्र मलाही पाठवा, मी वाचून कळवते.