दोन संस्कृतींत वाढणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला कोणत्या कादंबऱ्या द्याव्यात?

थान्हा लाय यांच्या 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन' (२०११) पासून सुरुवात करा. १९७५ मध्ये व्हिएतनाममधलं सायगाव (सायगॉन) सोडून कुटुंबासोबत अमेरिकेतल्या अलाबामात आलेल्या दहा वर्षांच्या मुलीची ही गोष्ट आहे, तीही मुक्तछंदातल्या छोट्या छोट्या कवितांत. पानं भरगच्च नाहीत, त्यामुळे वाचनाचा कंटाळा करणारं मूलही शेवटपर्यंत जातं. मला सगळ्यात खरं वाटलं ते शाळेचं प्रकरण. आधीच्या शाळेत हुशार असलेली मुलगी इथे एकदम 'ढ' ठरते. डोक्यात सगळं असतं, पण ते इंग्रजीत सांगता येत नाही. हा अपमान लेखिकेने रडारड न करता दाखवलाय.

चित्रकथा चालत असेल तर जीन लुएन यांग यांचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' (२००६) आहेच. मात्र त्यात चिनी माणसाचं एक मुद्दाम भडक केलेलं व्यंगचित्र आहे. त्यातला उपरोध कळायला थोडं वय लागतं, म्हणून दोन वर्षं थांबा आणि आधी स्वतः वाचा.

बाकी पुस्तकं चाळताना मी एकच बघतो: नायिकेला दोन्ही बाजूंचा राग येतो का? घरच्यांचा आणि बाहेरच्यांचाही? संस्कृती म्हणजे फक्त सण, पदार्थ आणि उपदेश करणारी आजी, असं असेल तर ते पुस्तक परत कपाटात. (आजी भांडखोर असेल तर मात्र जरूर घ्या.) आणि शेवटी मुलगी एक बाजू 'निवडते' अशा गोष्टी शक्यतो टाळा.