शेपूट कन्नडसारखं, मुंडकं मात्र वेगळंच

प्रश्न : सर, बुलावायोतली झिम्बाब्वेची मॅच बघताना पोरानं विचारलं, आई तिथं कुठली भाषा बोलतात? मोबाईलवर बघितलं तर एकीकडं न्देबेले, दुसरीकडं इसिन्देबेले, तिसरीकडं अमान्देबेले. ह्यातलं खरं कुठलं? आणि शेजारच्या अक्का म्हणतात आफ्रिकेतल्या भाषा आमच्या कन्नडसारख्याच, शब्दाला मागं शेपूट जोडत जायचं. खरं का हे?
एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, तिन्ही बरोबर. मूळ तुकडा न्देबेले, त्याच्या पुढं काय लावलंय ते बघायचं. एक माणूस असला की उमन्देबेले, पुष्कळ असले की अमान्देबेले, आणि भाषा म्हणायची तर इसिन्देबेले. पोराला वहीत नुसतं न्देबेले लिहू दे, कारण इसिन्देबेले भाषा म्हणजे पिवळा पितांबर झाला.

आता अक्कांचं. अर्धं बरोबर आहे बघा. कन्नडमध्ये कलि म्हणजे शिक आणि कलिसु म्हणजे शिकव, तसं न्देबेलेत फुन्दा म्हणजे शिकणं आणि फुन्दिसा म्हणजे शिकवणं! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं की हे आपल्याच बाजूचं हाय की काय, पण नाही, हा निव्वळ योगायोग, कन्नड द्राविडी आणि न्देबेले आफ्रिकेतल्या बांटू कुळातली, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेची सख्खी बहीण, झुलू राजा शाकाच्या राज्यातून फुटून निघालेल्या म्झिलिकाझी ह्या सरदाराच्या लोकांबरोबर १८४० च्या सुमारास आजच्या झिम्बाब्वेत गेलेली. थेंगा म्हणजे विकत घेणं (आपला ठेंगा नव्हे) आणि थेंगिसा म्हणजे विकणं, म्हणजे दुसऱ्याला घ्यायला लावणं, आपल्या रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांना हे पटेल. बोना म्हणजे बघणं, बोनाना म्हणजे एकमेकांना बघणं.

पण अक्का म्हणतात तसं नुसतं शेपूट धरून बसलात तर फसाल, खरी मजा पुढं आहे. मनेयल्लि म्हणा नाहीतर आपल्याकडचं मन्याग म्हणा, 'घरात' म्हणताना 'आत'चा तुकडा मागूनच येतो, मराठीतही मागूनच. न्देबेलेत घर इंदलु आणि घरात एंदलिनि, पुढं पण बदल मागं पण बदल. आपण मुलगा आला, मुलगी आली म्हणतो, म्हणजे क्रियापदाची शेपटी लिंगाप्रमाणं फिरते. त्यांच्याकडं पुरुष-बाई हा प्रश्नच नाही, नामांचे डझनाहून जास्त गट, माणसं एका गटात, भाषा दुसऱ्यात, आणि भाषेच्याच गटात पावही, इसिन्क्वा. कुठलं नाव कुठल्या गटात ते पाठच करायचं, आपल्या नपुंसकलिंगासारखं. एकदा नामाचा गट ठरला की त्याचा रंग सगळ्या वाक्याला लागतो. माझं मूल जातंय : उम्न्त्वाना वामि उयाहाम्बा. माझी मुलं जातायत : अबान्त्वाना बामि बायाहाम्बा. ऐकलंत? ब ब ब. मला तरी ह्यातच त्या भाषेचा सगळा डौल दिसतो.

आणि उबुन्तु, कॉम्प्युटरवाल्या पोरांना माहीत असेल, त्याच नावाची सिस्टीम आहे. उमुन्तु एक माणूस, अबान्तु माणसं, उबुन्तु माणुसकी. आपण माणूस घेऊन मागं 'की' लावली, त्यांनी पुढचं उमु काढून उबु लावलं.

दोन्ही टोकांना जोडलेला एक शब्द घ्या : न्गियाकुथेंगिसेला. न्गि म्हणजे मी, या म्हणजे आत्ता चाललंय, कु म्हणजे तुला, मधे थेंग, मग इस 'करायला लावणं'ला, एल 'च्यासाठी'ला. मी तुला विकतोय (एखादी वस्तू, तुलाच नव्हे), एवढंच! आपल्याला तीन शब्द, त्यांना एक.

पोराला अजून एक सांगा. बुलाला म्हणजे जिवे मारणं, बुलावा म्हणजे मारलं जाणं, त्याला शेवटी यो लागला की, 'ज्याला मारतायत तो'. त्याची जागा ती बुलावायो. नाव ऐकून हिंदीतला बुलावा, म्हणजे आमंत्रण वाटतं, निघालं भलतंच.