वाचक विचारतात : लादलेली सायकल आणि एकट्याचा मुक्काम

एकट्याने, तंबू बरोबर घेऊन करायच्या लांबच्या सायकलप्रवासाबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. मागच्या चाकाने सगळ्यांनाच छळलेलं दिसतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : सामान लादून निघालं की मागच्या चाकाचा स्पोक तुटतो. बदलून घेतला तर दोन-तीन दिवसांत शेजारचा जातो. स्पोक फार कसले आहेत, थोडे सैल करा, असा सल्ला मिळाला. तो बरोबर आहे का? आणि वाटेत हे काम एकट्याने कसं करायचं?

उत्तर : सैल करू नका, दुखणं वाढेल. स्पोक बहुधा जास्त ताणाने तुटत नाही, थकून तुटतो. चाक फिरताना तळाशी आलेल्या स्पोकचा ताण क्षणभर उतरतो आणि वर जाताना पुन्हा चढतो. नीट कसलेल्या चाकाला हे सोसतं. पण स्पोक मुळातच सैल असेल, तर तळाशी येताच तो पूर्ण ढिला पडतो आणि हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकापाशी, जिथे तो काटकोनात वळलेला असतो, तिथे हलतो. तार वाकवून वाकवून तोडावी तसा तो तिथेच तुटतो. तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहा, बहुतेक वेळा तुटल्याची जागा त्या वळणावरच असेल.

मागच्या चाकावर वजन जास्त असतं, शिवाय उजवीकडची जागा कॅसेटने, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचाने, अडवलेली असते. रिम मध्यावर राहण्यासाठी उजवे स्पोक उभे आणि घट्ट, तर डावे तिरपे आणि मानाने सैल बांधावे लागतात. एकाच चाकाचे सगळे स्पोक बरोबरीनेच थकत आलेले असतात. म्हणून आमचं मत ठाम आहे : तिसरा स्पोक गेला की एकेक बदलत बसू नका. हब आणि रिम चांगली असतील तर ती ठेवा, पण स्पोक आणि निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) सगळे नवे घालून चाक बांधून घ्या. सामान वाहणाऱ्या सायकलीला मागे ३६ स्पोक हवेत, तेही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी जाडीचे. मधला बारीक भाग किंचित ताण खातो आणि वळणावरचा मार कमी होतो. नवं चाक दोन-तीनशे किलोमीटर चाललं की एकदा आउट (रिमचा वाकडेपणा) काढून, ताण तपासून घ्या. निघायच्या आधी हे झालेलंच असावं.

आता वाटेतलं काम. उजव्या आणि डाव्या बाजूच्या स्पोकच्या लांबीत साधारण एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो, तेव्हा आपल्या चाकाची मापं घेऊन दोन्ही लांबींचे तीन-तीन स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा. कॅसेटच्या बाजूचा स्पोक तुटला तर कॅसेट काढल्याशिवाय नवा आत जात नाही. कॅसेट जागेवर धरणारी लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने सुटते, त्या वेळी कॅसेट फिरू नये म्हणून ती चेनच्या तुकड्याच्या पट्टीने धरावी लागते. हे जड पाने नको असतील तर फ्रेमचाच आधार घेऊन लॉकरिंग सोडवणारं खिशात मावेल एवढं अवजार मिळतं. तुमच्या कॅसेटला आणि फ्रेमला ते बसतं का, हे घरीच करून पाहा.

नवा स्पोक कुठून न्यायचा हा गोंधळ होतो. रिमवर तुटलेल्या स्पोकपासून चौथं भोक मोजा. नेहमीच्या विणीत तिथला स्पोक हबमध्ये ज्या बाजूने शिरतो आणि शेजाऱ्यांच्या जसा वरून-खालून जातो, अगदी तसाच नवा घाला. जुना निपल शाबूत असेल तर टायर काढावा लागत नाही. टायरच्या बाजूने पाहताना निपल घड्याळाच्या दिशेने फिरवला की स्पोक कसला जातो. बोटाने छेडून त्याच बाजूच्या इतर स्पोकसारखा आवाज येईपर्यंत कसा. मग चाक फिरवून, ब्रेकच्या रबराकडे नजर ठेवून, दर खेपेस फक्त पाव फेरा देत रिम सरळ करा. घाईने पूर्ण फेरा दिला की रिम दुसरीकडे जाते आणि मग माणूस तासभर तिच्यामागे धावत राहतो.

अवजार नसेल तर तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळा, नाहीतर तो डिरेलरमध्ये (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात) अडकेल. हबच्या दुसऱ्या बाजूचे (उजवा तुटला असेल तर डावे) जवळचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा, मागचं थोडं सामान पुढे घ्या आणि हळू चालवत पुढचं गाव गाठा.

प्रश्न : उतारावर वेग वाढला की हँडल थरथरतं, कधी कधी आख्खी सायकल डोलते. फ्रेम खराब असेल का?

उत्तर : फ्रेमवर संशय घेण्याआधी सामान पाहा. सगळं ओझं मागच्या कॅरिअरवर आणि वर तंबू उभारल्यासारखा ढीग असेल, तर पुढचं चाक हलकं पडतं आणि थरथर सुरू होते. मागे ६० टक्के आणि पुढे ४० टक्के, ही वाटणी धरून चाला. अवजारं, अन्न, इंधन अशा जड वस्तू पुढच्या पॅनिअरमध्ये (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्यांत), चाकाच्या आसाच्या उंचीला ठेवा. मागचे पॅनिअर टाच लागणार नाही इतपत पुढे सरकवा. पॅनिअरचा खालचा हुक कॅरिअरला घट्ट बसलेला हवा. एक झुलती पिशवी सगळी सायकल हलवते.

मग हेडसेट, म्हणजे हँडल फ्रेममध्ये जिथे फिरतं तिथलं बेअरिंग, तपासा : पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या सांध्यावर ठेवा. टकटक लागली तर तो सैल आहे. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट आधी सोडा, वरच्या टोपीचा बोल्ट टकटक थांबेपर्यंत हलका कसा, आणि मग स्टेम आवळा. बाजूचे बोल्ट न सोडता वरचाच पिळत राहिलात तर काहीही होणार नाही. कॅरिअरचे बोल्टही रोज सकाळी पाहा. ते बहुधा ५ मिमीचे असतात, हादऱ्यांनी सुटतात, म्हणून चार जादा ठेवा.

थरथर सुरू झालीच तर गुडघे वरच्या नळीला चिकटवा, हँडलवरची पकड सैल ठेवा आणि मागचा ब्रेक हळूहळू लावा.

प्रश्न : तिसऱ्या दिवसापासून गुडघा पुढच्या बाजूला दुखतो.

उत्तर : पुढून दुखतो तेव्हा बहुधा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. पेडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला हलका बाक उरतो. सीट एका वेळी ३ ते ५ मिमीच वर घ्या. गुडघा मागून दुखू लागला तर जास्त वर गेली समजा. गिअरबद्दल आमचा आग्रह आहे : पुढे २२ आणि मागे ३४ दात असतील, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनीसुद्धा वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास राहतो, म्हणजे लादलेल्या सायकलीने चढ बसून चढता येतो. रस्त्यावरच्या शर्यतीचे गिअर या कामाचे नाहीत. पहिले तीन-चार दिवस ठरवलेल्या अंतराच्या निम्मंच करा. दुखऱ्या गुडघ्याने रेटत राहिलात तर पुढचे पंधरा दिवस जातील.

प्रश्न : पाऊस नसताना सकाळी तंबू आतून ओला असतो. गळतोय का?

उत्तर : गळत नाही. श्वासातून आणि घामातून रात्रीत पाव ते अर्धा लिटर पाणी बाहेर पडतं. निरभ्र रात्री तंबूचं बाहेरचं कापड भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं आणि ती वाफ त्यावर धरते. वरच्या आणि खालच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा, थंडी वाजली तरी. ओले कपडे आत नकोत. ओढ्याकाठची सखल जागा टाळा, तिथे थंड, दमट हवा साचते आणि वर पाऊस झाला तर पाणीही येतं. खाली अंथरायचं कापड तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर त्यावर पडलेलं पाणी थेट तुमच्या खाली जमतं. सकाळी कापड झटकून, फडक्याने पुसून घडी करा आणि दुपारच्या थांब्यावर वीस मिनिटं उन्हात पसरा. ओला तंबू दिवसेंदिवस गुंडाळून ठेवला की आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो, आणि मग खरोखरच गळती लागते.

प्रश्न : गॅसचा डबा अर्धा भरलेला असूनही थंड पहाटे स्टोव्ह जोर धरत नाही. तंबूत घेऊन पेटवू का?

उत्तर : तंबूत मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एकट्या माणसाला हलवून जागं करायला शेजारी कोणी नसतं. डब्यातल्या मिश्रणातलं प्रोपेन आधी उडून जातं आणि ब्युटेन मागे उरतं. ते शून्याखाली अर्ध्या अंशालाच वाफ होणं थांबवतं. त्यात गॅस निघताना डबा स्वतःही गारठतो. रात्री डबा झोपायच्या पिशवीत पायाशी ठेवा, सकाळी कोमट पाण्याच्या भांड्यात उभा करा. ज्योतीने कधीही तापवू नका. मुक्काम रोजच गोठणबिंदूखाली असणार असेल तर गॅस सोडून पेट्रोलसारख्या द्रव इंधनाचा स्टोव्ह घ्या. विमानाने जाणार असाल तर कोणतंच इंधन बरोबर नेता येत नाही, ते पोहोचल्यावर घ्यावं लागतं.