त्याला झोप लागते, मग मला का नाही?

या महिन्याच्या टपालात आणि ईमेलमध्ये मिळून चार प्रश्न एकाच विषयाचे निघाले, सेक्सनंतर येणारी झोप. म्हणून केसगळती, पीसीओडी वगैरे सगळं पुढच्या अंकावर ढकलतेय, रागावू नका. नावं काढून टाकलीत.

प्रश्न: डॉक्टर, माझं वय २९, लग्नाला दोन वर्षं झाली. नवरा चाकणला कंपनीत आहे, सकाळी पावणेसहाची बस असते. आमचे संबंध झाले की दोन मिनिटांत हा घोरायला लागतो, म्हणजे अक्षरशः मी बाथरूमला जाऊन येते तोवर माझ्या वाटणीची पण चादर गुंडाळून भिंतीकडे तोंड करून झोपलेला असतो. मी मग तासभर पंख्याकडे बघत पडते. मैत्रीण म्हणते, काम झालं की पाठ फिरवतो म्हणजे प्रेमबिम काही नाही. याला विचारलं तर "अगं दमतो मी, त्यात काय एवढं". खरंच प्रेम नाहीये का? (पिंपरी)

उत्तर: मैत्रिणीला सांगा, झोप लागण्याचा आणि प्रेमाचा काडीचाही संबंध नाही. पण नवऱ्याचं "दमतो" हेही अर्धंच खरंय हं. २०१३ साली कॅनडात माँट्रियलला २१ तरुण जोडप्यांच्या दंडाला मशीन बांधून मोजलं होतं, साधारण पंचवीस मिनिटांत पुरुषांच्या सरासरी १०१ कॅलरी गेल्या आणि बायकांच्या ६९. १०१ म्हणजे एक पोळी झाली हो. एका पोळीच्या कष्टाने कोणी असं ढाराढूर झोपत नाही.

खरी गंमत हार्मोन्सची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या डॉक्टरांनी लोकांच्या हातात सुई ठेवून आधी, मध्ये आणि नंतर असं रक्त घेत राहून बघितलं (कसल्या वातावरणात ते जमलं असेल देव जाणे), तर ऑर्गॅझम, म्हणजे त्या सुखाचा कळस, झाला की प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन झपकन वर जातं आणि तासभर तरी वरच राहतं, पुरुषांतही आणि बायकांतही. हेच हार्मोन बाळंतिणीच्या अंगावर दूध आणतं, आणि एरवी आपण झोपलो की तेव्हाही ते वाढलेलंच असतं. त्याच्या जोडीला ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा फोडणारं. बाळाला पाजता पाजता आईचीच मान कलंडते ते पाहिलंय ना घरात कुणाचं तरी? तीच जोडगोळी इथेही हजर असते. अर्थात सगळं खापर एकट्या प्रोलॅक्टिनच्या डोक्यावर फोडू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला स्कॅनरमध्ये डोकं ठेवून बघितलं तेव्हा बायकांच्या मेंदूतले भीतीचे, सावधपणाचे भाग त्या क्षणी चक्क शांत झालेले दिसले. (तिथे पाय गार पडत होते म्हणून मोजे दिले होते, हे माझं आवडतं संशोधन आहे.) दिवसभर डोक्यात जो पहारेकरी उभा असतो तो बसला की झोप यायचीच.

आणि वेळ बघा ना. रात्रीचे साडेअकरा, लाइट बंद, अंगाचं तापमान तसंही उतरायला लागलेलं, पहाटे उठायचंय, त्यात आडवे आहात. एखाद्या रविवारी सकाळी बघा, चहा करायला उठतो की घोरतो ते. उठला तर निम्मा दोष घड्याळाचा समजा.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते मीच विचारते. त्याला झोप का लागते यापेक्षा तुम्हाला का लागत नाही? त्याच जर्मन डॉक्टरांना असंही दिसलं की नुसती उत्तेजना आली आणि ऑर्गॅझम झालाच नाही तर प्रोलॅक्टिन वाढत नाही. म्हणजे त्याची गाडी स्टेशनात पोचून इंजिनसुद्धा बंद झालंय आणि तुमची अजून सिग्नलला उभी आहे, आणि अशी उभी गाडी झोपत नसते. माझ्या क्लिनिकमध्ये "हे लगेच झोपतात" म्हणून सांगत येणाऱ्या बायकांना मी हळूच विचारते, तुमचं झालेलं असतं का, तर बऱ्याच जणी पर्सच्या चेनशी चाळा करत बसतात. एक जण म्हणाली, "म्हणजे काय होतं नेमकं?" सात वर्षं झाली होती लग्नाला. तुमच्या बाबतीत तसंच असेल असं मी म्हणत नाहीये, बायकांचं शरीर पुरुषांपेक्षा सावकाश निवतं हेही खरंय, दोघांचं सगळं होऊनसुद्धा तुम्ही पंधरा-वीस मिनिटं जाग्या राहू शकता. पण तासभर पंखा, रोजच, तर हे बोलायला हवं, आणि ते त्याच रात्री अंधारात नाही, दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर गॅलरीत वगैरे. "तू झोपतोस" अशी सुरुवात केलीत तर तो झोपेचंच समर्थन करत बसेल. "मला अजून थोडा वेळ लागतो" म्हणा.

चादर मात्र दुसरी घ्या. सिंगल. त्यावर चर्चा नको.

प्रश्न: आमच्याकडे उलटं आहे. बायको लगेच झोपते आणि मी टक्क जागा, वर भूक लागते, रात्री एक वाजता फ्रिज उघडून काहीतरी चरत बसतो. मित्रांमध्ये सांगितलं तर हसले. पुरुषाला झोप यायला पाहिजे ना? वय ३४. (कोल्हापूर)

उत्तर: कोणी सांगितलं पाहिजे म्हणून? २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ४५६ जणांना विचारलं की सेक्सनंतर आधी कोण झोपतं, तर बाई आणि पुरुष यांच्यात म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही. नवराच आधी घोरतो ही गोष्ट आपण विनोद ऐकून ऐकून पक्की करून घेतलीय. त्यात आणखी एक निघालं, ज्यांचा जोडीदार आधी झोपून जातो त्यांना नंतरच्या मिठीची, चार शब्द बोलायची ओढ जास्त असते. तेव्हा तुमची ती भूक खरंच पोटाची आहे का, एकदा तपासा.

पोटाची असली तरी लाजू नका, तुमच्या बाजूने वात्स्यायन आहे. कामसूत्रात नंतर काय करायचं तेही लिहिलंय, हातपाय धुवावे, विडा घ्यावा, अंगाला चंदन, काहीतरी खावं-प्यावं, आणि मग चांदण्यात गच्चीवर बसून तिला अरुंधती, ध्रुव, सप्तर्षी दाखवावेत. सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचा माणूस आहे हा, त्याला गच्ची परवडत होती. तुम्ही फ्रिज उघडा, फक्त मोबाइल उघडू नका, बहुतेक वेळा जागरण त्यानेच होतं आणि नाव सेक्सचं येतं.

प्रश्न: मॅडम, मी २२ वर्षांचा आहे, हॉस्टेलला राहतो. हस्तमैथुन केल्यावर खूप झोप येते आणि गळून गेल्यासारखं होतं. गावाकडे म्हणतात शंभर थेंब रक्ताचा एक थेंब होतो. ताकद जात असेल म्हणून झोप येते का? एका ठिकाणी चार हजारांचा कोर्स सांगितलाय. (लातूर)

उत्तर: आधी ते चार हजार वाचव. (तू वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे.) वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही रे. एका वेळी जे बाहेर पडतं ते दोन ते पाच मिली, म्हणजे चहाचा चमचाही धड भरत नाही, आणि त्यातलं बहुतेक पाणीच, थोडी साखर, थोडी प्रथिनं, जी ग्रंथींमध्ये रोज तयार होत असतात. शुक्राणू तर त्यात चिमूटभर. शंभराच्या हिशोबाने गेलास तर प्रत्येक वेळी एक बाटली रक्त जायला हवं, मग तू मला ईमेल करायला उरला नसतास. आणि वरच्या कोल्हापूरच्या पत्रात बघ, बायकांनाही झोप येते, त्यांचं कुठलं वीर्य जातं? झोप त्याच हार्मोन्समुळे येते. गळून गेल्यासारखं वाटतं ते बरंचसं धास्तीने, आता आपली ताकद गेली म्हणून माणूस अंग चाचपत बसतो आणि चाचपलं की कुठेतरी दुखतंच. ही धास्ती आपल्याकडे इतकी की मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर विग यांनी १९६० मध्ये तिला धात सिंड्रोम असं नावच दिलं.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ला समाजस्वास्थ्य मासिक काढलं तेव्हा लोक त्यांना असेच प्रश्न पाठवायचे. १९३४ मध्ये तर त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला आणि बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. नव्वद वर्षं होऊन गेली, कोर्सवाल्यांचा धंदा तेवढा वाढला.

अभ्यासाआधी करत असशील तर मात्र वेळ बदल, पेंगत पुस्तक वाचलं की पान तेच राहतं.

प्रश्न: वय ५१, बीपीची गोळी चालू आहे. संबंधानंतर झोप येते ते ठीक, पण दुसरा दिवसही अंग मोडल्यासारखा जातो, कधी डोकं ठणकतं. वयामुळे का? (ठाणे)

उत्तर: वयावर ढकलून मोकळे होऊ नका. रात्रीची झोप ही झोप, दुसऱ्या दिवसाचं अंग मोडणं हे वेगळं प्रकरण. काही पुरुषांना वीर्यस्खलनानंतर दोन-चार दिवस तापासारखी कणकण, थकवा, डोकं जड असं होतं. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये या आजाराची पहिल्यांदा नोंद केली, पण तो फार क्वचित आढळतो, त्यामुळे स्वतःला ते लेबल लावून बसू नका. त्याआधी साध्या गोष्टी बघायच्या. तुम्ही मोठ्याने घोरता का, घोरता घोरता श्वास अडकतो का, दुपारी खुर्चीतच डुलकी लागते का, हे बायकोला विचारा, तिला नक्की माहीत असणार. शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनीही गळाल्यासारखं होतं, पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही.

डोक्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्या क्षणी डोक्यात एकदम स्फोट झाल्यासारखी, आयुष्यात कधी झाली नाही अशी वेदना आली किंवा छातीत दाबल्यासारखं झालं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा, लाज वाटली तरी काय करत होतात ते तिथल्या डॉक्टरला खरं सांगा. तसं काही नसेल तर याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, कारण "पांढरी छोटी गोळी आहे" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.