वाचक विचारतात : खाल्ल्या घरचे वासे?

प्रश्न : रशियन लेखक सोल्झेनित्सिन रशियातून पळून अमेरिकेत गेले. तिथे त्यांना आसरा मिळाला आणि त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात उभं राहून त्याच समाजाला खडे बोल सुनावले. हे खाल्ल्या घरचे वासे मोजणं नाही का? आणि आपण पुण्यात बसून ते का वाचावं?
— एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : आधी एक दुरुस्ती. ते पळाले नाहीत, त्यांना हाकललं. फेब्रुवारी १९७४ मध्ये सोव्हिएत सरकारनं त्यांना अटक केली, नागरिकत्व काढून घेतलं आणि विमानात बसवून पश्चिम जर्मनीत सोडलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ते १९७६ मध्ये गेले. हार्वर्डच्या पदवीदानाचं भाषण ८ जून १९७८ चं. पत्रातून स्टालिनवर टीका केली म्हणून आठ वर्षांची शिक्षा भोगलेला हा माणूस. यजमानांची तोंडदेखली स्तुती त्याच्याकडून व्हायची नव्हतीच.

तुमचा दुसरा प्रश्न मोलाचा आहे. भाषणात बरंच काही आहे, पण मला त्यातलं एकच टोचतं. कायद्याचा निःपक्ष मापदंड नसलेला समाज भयंकर, हे ते आधी सांगतात. तो त्यांनी भोगला होता. पण कायद्याखेरीज दुसरं मापच नसेल, तर तो समाजही माणसाला शोभत नाही, असं ते म्हणतात. दाखला कारखानदाराचा देतात : माल टिकावा म्हणून तो खाण्याच्या पदार्थात विष घालतो आणि कायद्यानं निर्दोष राहतो. नको असेल तर घेऊ नका!

आमच्या सोसायटीच्या सभेत हेच पाहिलं. सुरक्षेचं काम नव्या एजन्सीला दिलं, म्हणून जुन्या वॉचमननं जिन्याखालची खोली जानेवारीअखेर सोडायची असं ठरलं. त्याची मुलगी दहावीला, परीक्षा मार्चमध्ये. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, एप्रिलपर्यंत राहू द्या की त्यांना." खजिनदारांनी चष्मा वर करून कराराचा कागद पुढे सरकवला. "महिन्याची नोटीस आहे काकू, ती आपण दिलीये. सगळं नियमाला धरून आहे." ते खरंच होतं. खोटं कुणी बोललं नाही, कुणाचा हक्क मारला नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला, आजींचा हातही अर्धवट वर गेला. मग पुढचा विषय : पार्किंगचे पट्टे. त्यावर मात्र तासभर कडाक्याचं भांडण. (पुण्यात पार्किंगचा विषय निघाला की नीतीचे सगळे प्रश्न मागे पडतात.)

भाषणातलं सगळंच पटतं असं नाही. व्हिएतनाममधून माघार झाल्याबद्दल त्यांनी युद्धविरोधकांना बोल लावले, ते मला साफ चुकीचं वाटतं. वृत्तपत्रांच्या उथळपणावर ते तुटून पडतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण मुक्त वृत्तपत्रं नसली की काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी दिलेला सन्मान नाकारणाऱ्या या लेखकानं २००७ मध्ये पुतिन यांच्या हातून राष्ट्रीय पुरस्कार घेतला. हेही खात्यावर मांडायलाच हवं.

कृतघ्नपणाचा आरोप मात्र मला मान्य नाही. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेव्हा स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. मांडवाचा खर्च कुणी केला, हे बाईंनी मनात धरलं नाही, म्हणून आपण त्यांना मानतो ना?

प्रश्न : या लेखकाचं आधी काय वाचावं?
— एक विद्यार्थिनी, फर्ग्युसन रस्ता

उत्तर : १९६२ मध्ये 'नोवी मीर' मासिकात आलेली, सक्तमजुरीच्या छावणीतल्या एका दिवसाची छोटी कादंबरी, 'इव्हान डेनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस'. त्यातला कैदी कडाक्याच्या थंडीत भिंत बांधतो. काम थांबवायची वेळ झाली तरी कालवलेला माल वाया जाऊ नये म्हणून तो भिंत रचतच राहतो. एवढा भाग वाचा, मग भाषणाकडे वळा. जाडजूड ग्रंथांना सुटीत हात घाला, परीक्षेच्या तोंडावर नको.