बर्फाची सुट्टी: बंद शाळेपेक्षा उशिरा उघडणाऱ्या शाळेची तयारी आधी करा

तुमचा प्रश्न नीट वाचला. जुलैत पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलात, मुलगी दुसरीत, मुलगा डे-केअरमध्ये, दोघांचीही नोकरी, त्यात एकाला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावंच लागतं आणि जवळपास नातेवाईक कुणी नाही. बर्फामुळे शाळा बंद झाली तर लोक काय करतात, किती आधी कळतं आणि कोविडच्या काळात सगळं ऑनलाइन चाललं होतं तर आता का नाही, असं तुम्ही विचारलंय. न्यू जर्सीत माझे बरेच हिवाळे गेलेत, दोन्ही मुलं इथल्याच शाळांत वाढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवीन आलेल्यांचं सहसा ज्याकडे लक्ष जात नाही ते आधी सांगते. शाळा पूर्ण बंद असते तो दिवस त्यातल्या त्यात सोपा. बर्फ भरपूर पडलेला असतो, रस्ते अडलेले असतात, ऑफिसातही सगळ्यांना कल्पना असते, मॅनेजर स्वतः घरी मुलांना सांभाळत बसलेला असतो. आईवडिलांची खरी तारांबळ उडते ती डिलेड ओपनिंग आणि अर्ली डिसमिसलच्या दिवशी. शाळा दीड-दोन तास उशिरा उघडणार, पण तुमची नऊची मीटिंग नऊलाच. किंवा सकाळी सगळं सुरळीत, तुम्ही ऑफिसात पोचलात आणि साडेदहाला फोन येतो की एक वाजता मुलं सोडतोय. बऱ्याच ठिकाणी डिलेच्या दिवशी सकाळची बिफोर-केअर (शाळेआधी मुलं सांभाळायची सोय) बंद ठेवतात किंवा तीही उशिरा सुरू करतात, आणि अर्ली डिसमिसल झालं की शाळेनंतरची आफ्टर-केअर रद्द होते. म्हणजे ज्या सोयीच्या भरवशावर तुमचं वेळापत्रक उभं आहे ती नेमकी त्याच दिवशी नसते. तुमच्या शाळेचा नियम काय आहे ते आत्ताच लेखी विचारून घ्या. तयारी सुरू करायची ती इथून.

आता निर्णय कोण घेतं ते. आपल्याकडे मुसळधार पावसात जिल्हाधिकारी किंवा महापालिका सुट्टी जाहीर करते आणि ती सगळ्या शाळांना लागू होते. इथे तसं नाही. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावोगावचे शाळा-विभाग, आहेत आणि प्रत्येकाचा सुपरिंटेंडेंट, म्हणजे प्रमुख, आपापल्या गावापुरतं ठरवतो. एडिसन बंद आणि शेजारचं पिस्कॅटवे दोन तास उशिरा, असं सहज होऊ शकतं. म्हणून मैत्रिणीच्या मेसेजवर किंवा टीव्हीवरच्या पट्टीवर विसंबू नका, आपल्या डिस्ट्रिक्टचाच फोन, टेक्स्ट किंवा ईमेल बघा. त्यासाठी पेरेंट पोर्टलमध्ये दोघांचेही मोबाइल नंबर घालून ठेवा. भारतातून नुकतीच आलेली बरीच कुटुंबं नंबर बदलतात आणि पोर्टलवर जुनाच राहतो.

निरोप साधारण पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान येतो, वादळाबद्दल खात्री असेल तर आदल्या संध्याकाळीच. पहाट होण्याआधी सुपरिंटेंडेंट किंवा त्यांची माणसं गाडी घेऊन गावातले रस्ते बघून येतात, टाऊनशिपच्या रस्ते विभागाशी, पोलिसांशी, बस चालवणाऱ्यांशी बोलतात. मोठे रस्ते प्लाऊने (बर्फ ढकलणाऱ्या गाडीने) साफ झालेले असतात, पण बस वळते ती आतल्या गल्ल्यांत. शिवाय सरकारी नियमाप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला दोन मैलांहून लांब आणि हायस्कूलच्या मुलाला अडीच मैलांहून लांब राहत असेल तरच बस देणं बंधनकारक आहे. बाकीची पुष्कळ मुलं चालत येतात. फुटपाथ साफ नसला की ती रस्त्याच्या कडेने चालतात, आणि प्लाऊने कडेला रचलेल्या ढिगाऱ्यामागे असलेलं सात-आठ वर्षांचं मूल गाडीवाल्याला दिसत नाही. बाहेर फक्त तीन इंच बर्फ दिसतोय आणि शाळा बंद कशाला, असं वाटतं तेव्हा मी हे आठवते. त्यात भर म्हणजे बरेच शिक्षक त्याच गावात राहत नाहीत. चाळीस मिनिटांवरून येणाऱ्या शिक्षिकेच्या मुलांचीही शाळा त्या दिवशी बंद असते.

उशिरा निर्णय घेतला तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे अटलांटा, 28 जानेवारी 2014. बर्फ जेमतेम दोन-अडीच इंच पडला. पण शाळा, ऑफिसं, सरकारी कचेऱ्या सगळ्यांनी दुपारी एकाच वेळी माणसं सोडली, रस्त्यांवर बर्फ गोठून काच झाली आणि वाहतूक जागीच थांबली. हजारो मुलांनी रात्र शाळेत काढली, काही तर बसमध्येच अडकली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा मुंबईतली मुलं अशीच शाळांमध्ये राहिली. ज्यांच्या घरात ती रात्र झाली त्यांना मी आणखी काही सांगायची गरज नाही. म्हणून अर्ली डिसमिसलचा निरोप आला की उरलेलं काम लॅपटॉपवर घेऊन लगेच निघा. तासाभराने टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या मोठ्या टोल हायवेवर, सगळेच असतात.

ऑनलाइनचं उत्तर कायद्यात आहे. न्यू जर्सीत शाळेचे वर्षाला 180 दिवस भरावे लागतात. 2020 मध्ये झालेल्या कायद्याने ऑनलाइन दिवस धरता येतात, पण आणीबाणी जाहीर झालेली असेल आणि त्यामुळे सलग तीनपेक्षा जास्त शाळेचे दिवस बंद असतील तरच. एका दिवसाच्या बर्फाला ते लागू नाही, तो दिवस भरूनच काढावा लागतो. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात 2019 च्या कायद्याने वर्षाला पाच दिवसांपर्यंत घरून अभ्यासाची सोय आहे, मिनेसोटातही पाच दिवस चालतात. न्यूयॉर्क शहराने तर ऑनलाइनचा मार्ग धरला आणि 13 फेब्रुवारी 2024 च्या सकाळी लाखो मुलं आणि शिक्षक एकाच वेळी लॉगिन करायला गेल्यावर यंत्रणाच अडकली. तुमच्या ओळखीचे कुणी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये किंवा पेन्सिल्व्हेनियात फिलाडेल्फियाजवळ राहत असतील तर त्यांचा अनुभव तुमच्या कामाचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर लहान मुलांना ऑनलाइन नसलेलंच बरं. दुसरीतल्या मुलीला स्क्रीनसमोर बसवायचं म्हणजे शेजारी एक मोठं माणूस लागतं, आणि ते मोठं माणूस त्या दिवशी स्वतःच्या मीटिंगमध्ये असतं. शाळाही बंद आणि सुट्टीही नाही, असा तो दिवस होतो. ज्या घरात दोन मुलांत एकच लॅपटॉप आहे किंवा आईवडील दुकानात, हॉस्पिटलात कामाला आहेत, तिथे तर त्याचा उपयोग शून्य. अशा घरांतल्या मुलांचं शाळेतलं मोफत जेवणही बंद शाळेबरोबर बुडतं. तुमच्या मुलीच्या वर्गात असं कुणी आहे असं जाणवलं तर शाळेच्या काउन्सेलरला सांगा, त्यांच्याकडे फूड पँट्रीची, म्हणजे मोफत धान्य-खाणं देणाऱ्या ठिकाणांची, माहिती असते.

आता तुमच्या घराची सोय. माझा आग्रह आहे की हे ऑक्टोबरात ठरवून टाका, पहाटे साडेपाचला अंधारात नाही. दोघांनी कॅलेंडर समोर घेऊन कुठल्या वारी कुणी घरी राहायचं ते आधीच लिहा. सोमवारी तू, मंगळवारी मी, असं. नाहीतर ज्याचा पगार कमी किंवा ज्याची नोकरी 'ॲडजस्ट' होणारी वाटते त्याच्या गळ्यात दर वेळी पडतं, आणि ते बहुतेक घरांत बाईच्याच पडतं. मॅनेजरलाही पहिल्या बर्फाआधीच सांगून ठेवा की शाळेला डिले असेल तेव्हा मी साडेदहाला येईन. आधी सांगितलेलं लोक समजून घेतात.

यानंतर एक कुटुंब शोधा, एकच, पण चालत जाता येईल इतकं जवळ. ते मराठी असलंच पाहिजे असं नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक गुजराती जोडपं होतं आणि पलीकडे एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका. गाडीने दहा मिनिटांवरची जिवाभावाची मैत्रीण बर्फात काही कामाची नाही, कारण तुमचा ड्राइव्हवेच निघालेला नसतो. त्यांच्याशी स्पष्ट ठरवा: डिलेच्या दिवशी तुम्ही माझी मुलगी बसला सोडा, अर्ली डिसमिसलला मी तुमची मुलं घेईन. त्यांचं नाव शाळेच्या इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये घाला. ही नोंद नसेल तर ऑफिस मूल त्यांच्या हाती देणार नाही, कितीही फोन केलेत तरी. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे ठेवा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात. त्या दोन दिवसांत ही सगळी योजना चालवून बघा. काय बसत नाही ते तेव्हाच कळेल.

मुलीला एकटी ठेवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे हा प्रश्न येतोच. न्यू जर्सीच्या कायद्यात त्यासाठी ठरावीक वय दिलेलं नाही. पण निष्काळजीपणाची तक्रार झाली तर चौकशी होते, आणि दुसरीतलं मूल एकटं ठेवायचं नाही, तासभरसुद्धा. भारतात शेजारच्या काकू लक्ष ठेवतात, ती रचना इथे आपसूक नसते.

सामान थोडक्यात: वॉटरप्रूफ बूट, स्नो पँट आणि हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक ओला होतोच. ऑक्टोबरात घ्या. पहिल्या बर्फाचा अंदाज आला की लहान मापं संपतात. सुती मोजे बर्फात नकोत, ओले झाले की पाय गारठतात. मुलं वर्षात मापाबाहेर जातात, त्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या गटात विचारलंत तर कुणाचं तरी आदल्या वर्षीचं चांगलं सामान मिळून जाईल.

यापुढचं मात्र कृपा करून घरातल्या सगळ्यांनी वाचा. गाडी बर्फातून उकरताना मुलांना थंडी वाजते म्हणून गाडी सुरू करून त्यांना आत बसवू नका. मागचा एक्झॉस्ट पाइप बर्फाने बुजलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. जानेवारी 2016 च्या मोठ्या वादळात न्यू जर्सीतल्याच पॅसेइकमध्ये नेमकं असं झालं. वडील बाहेर बर्फ काढत होते आणि आत ऊब घेत बसलेली आई आणि बाळ दगावले. पाइप आधी मोकळा करा, मुलांना तोपर्यंत घरात ठेवा. तसंच घराच्या बाजूने बाहेर येणारे हीटिंगचे आणि ड्रायरचे पाइपही बघा, आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर चालू आहे ना ते तपासा. दुसरं, रस्त्याच्या कडेला प्लाऊने केलेल्या ढिगाऱ्यात मुलांना गुहा खोदू देऊ नका. प्लाऊ परत येतो आणि चालकाला आत कुणी आहे हे दिसत नाही. किल्ला मागच्या अंगणात करायचा.

आणि बर्फाच्या सुट्टीचा दिवस मुलांना मोकळा द्या. आदल्या रात्री इथली मुलं पायजमा उलटा घालून झोपतात, उशीखाली चमचा ठेवतात, म्हणे त्याने बर्फ पडतो. तुमची मुलगी वर्गात हे ऐकून येईल, तिला करू द्या. सकाळी तासभर दोघांपैकी एकाने मीटिंगा बाजूला ठेवून बाहेर जा. एकदा मुलं दमून आत आली, गरम वरणभात पोटात गेला की दुपारी दोन तास शांत मिळतात. उलट क्रमाने केलंत, म्हणजे आधी काम आणि नंतर खेळ, तर दिवसभर दोन्ही होत नाही.

शेवटी तिकिटांचं, कारण उन्हाळ्यात पुण्याला जाणार असाल तर हे फेब्रुवारीच्या आत कळायला हवं. डिस्ट्रिक्टच्या कॅलेंडरमध्ये बर्फासाठी दोन-तीन दिवस जास्तीचे धरलेले असतात. वापरले गेले नाहीत तर बहुधा मेअखेरच्या मेमोरियल डेच्या आसपास सुट्टी म्हणून परत देतात. जास्त वापरले गेले तर स्प्रिंग ब्रेक (वसंतातली सुट्टी) कापतात किंवा जूनमध्ये शाळा लांबवतात. कुठून कापायचे ते कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. बॉस्टनला 2014-15 च्या हिवाळ्यात 110.6 इंच बर्फ पडला आणि तिथल्या शाळा जूनच्या अखेरीपर्यंत लांबल्या. इतकं न्यू जर्सीत क्वचित होतं, पण छापलेल्या शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळचं विमान धरू नका, चार-पाच दिवस सोडून धरा. स्प्रिंग ब्रेकचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा. एक दिलासा म्हणजे न्यू जर्सीत शाळा चार तास भरली की तो दिवस पूर्ण धरला जातो. त्यामुळे डिले आणि अर्ली डिसमिसलचे दिवस सहसा भरून काढावे लागत नाहीत, आणि सुपरिंटेंडेंट पूर्ण बंद करण्याऐवजी ते का निवडतात हेही त्यातून कळेल.

डे-केअरबद्दल मात्र मला तुमच्याकडूनच माहिती हवी. खाजगी डे-केअर स्वतःचा निर्णय घेतात, काही पब्लिक शाळेच्या निर्णयामागे जातात, काही शाळा बंद असतानाही उघडे असतात, आणि बंद दिवसाचे पैसे बहुतेक जण परत देत नाहीत. तुम्ही सही केलेल्या करारात हे कुठेतरी असणार. ते बघून इथे लिहा, म्हणजे मुलाची सोय मुलीसाठी ठरवलेल्या शेजारच्या कुटुंबाकडेच लावायची की वेगळी, ते ठरवता येईल.