‘डोसला मीच घेऊन गेले होते ना!’

बाळाच्या लशींबद्दल माझ्याशी बोलायला येणाऱ्या आयांच्या मोबाइलमध्ये हल्ली व्हिडिओंचा ढीग असतो. कल्याणीकडेही होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिचा मुलगा आठ महिन्यांचा. सहाव्या आठवड्यात पेंटा या लशीचा पहिला डोस झाला, त्या रात्री ताप चढला, मांडी सुजली, बाळ रडत राहिलं. सासूबाई म्हणाल्या, “चांगलं हसतं-खेळतं लेकरू, कशाला टोचून आणलंस?” दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस मग राहूनच गेले. आशाताई घरी आल्या की ‘सर्दी आहे’ म्हणून त्यांना परत पाठवलं जाई. आता गोवर-रुबेलाची लस तोंडावर आली होती आणि जाऊबाईंनी बजावलं होतं, “ती तर नकोच. आमच्या पोराचं बोलणं त्या दीड वर्षाच्या इंजेक्शननंतरच थांबलं.”

“मॅडम, द्यायची की नाही, तेवढं सांगा,” कल्याणी म्हणाली.

लस द्यावी, हे माझं मत मी तिला सांगितलं. पण तेवढंच ऐकून ती गेली असती, तर घरातल्या पहिल्याच प्रश्नाला गप्प झाली असती. म्हणून मनात जे जे आहे ते कागदावर लिहायला सांगितलं. तिनं पानभर लिहिलं. अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘काही झालं तर सगळे म्हणतील, डोसला मीच घेऊन गेले होते.’

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आयांची भीती या ओळीपाशी येऊन थांबते. गोवर झाला तर साथ होती म्हणता येतं. डोसनंतर ताप आला, तर बाळाला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं ते सगळ्या घराला ठाऊक असतं. निर्णय दोघांचा आणि बोल एकटीला, हे मला फार लागतं. पुढच्या भेटीला मी तिच्या नवऱ्यालाही बोलावलं आणि कागद दोघांच्या मध्ये ठेवला.

आधी त्या रात्रीचा ताप. पेंटामधून घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाच आजारांपासून संरक्षण मिळतं. सरकारी केंद्रातल्या पेंटात डांग्या खोकल्याचे अख्खे, पण मारलेले जंतू असतात. शरीर त्यांच्याशी जोरात झुंजतं, म्हणून ताप, सूज, किरकिर. खासगी दवाखान्यात ‘न दुखणारी’ म्हणून मिळते त्या लशीत त्या जंतूंचे निवडक भागच असतात, त्यामुळे त्रास कमी होतो. सरकारी लस हलक्या प्रतीची म्हणून ताप येतो, असं तिच्या नवऱ्याला वाटत होतं. तसं नाही, डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण उलट तिचंच जास्त काळ टिकतं. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलाचं वेगळं. त्या लशीत दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात, त्यामुळे ताप आलाच तर साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, कधी बारीक पुरळही उठतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की आठव्या दिवशी तापलेलं अंग पाहून घर हादरतं. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्या बाळाला होते आणि ती बहुधा लगेच दिसते. डोसनंतर अर्धा तास तिथेच थांबवतात ते त्यासाठी. झटका आला, बाळ मलूल पडलं, श्वासाला त्रास झाला किंवा तीन तासांहून जास्त रडणं थांबेना, तर थेट डॉक्टरांकडे.

मग जाऊबाईंचं म्हणणं. त्या खोटं बोलत नव्हत्या. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, आणि ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, लक्षणं घरच्यांना साधारण त्याच वयात जाणवू लागतात. पाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टी आईच्या मनात जोडल्या जाणारच. त्या जोडणीला जगभर पाय फुटले ते 1998 साली, अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या लेखामुळे. त्यात मुलं होती अवघी बारा. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं तो लेख 2010 मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव तिथल्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही. ज्यांच्या भावंडांना ऑटिझम होता त्या मुलांतही नाही. कल्याणीनं हे वाक्य दोनदा विचारून घेतलं.

“पण आता गोवर कुठे असतो?” नवऱ्याचा प्रश्न. मुंबईत 2022 च्या अखेरीस गोवंडी भागात साथ आली, भिवंडी-मालेगावातही पसरली, लहान मुलं दगावली. डोस न झालेली किंवा अर्धवट राहिलेली मुलं त्यात बरीच होती. गोवराचा एक रोगी संरक्षण नसलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. हे मी त्यानं विचारल्यावरच सांगितलं. घाबरलेल्या आईला आणखी घाबरवून लस घ्यायला लावणं मला पटत नाही.

राहिलेल्या डोसांचं काय, हे विचारायला दोघांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पहिल्यापासून सुरू करावं लागेल, या धास्तीनंच ती आजवर टाळत होती. तसं काही नसतं. जिथे थांबलं तिथून पुढे चालू करतात, किरकोळ सर्दी आड येत नाही. पेंटाचा दुसरा डोस त्याच आठवड्यात झाला, बाळाला घेऊन बाबा बसला. तिसरा महिनाभरानं, गोवर-रुबेलाबरोबर एकाच दिवशी. पहिल्या रात्री थोडा ताप आला, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेल्या औषधानं उतरला. नवव्या दिवशी पुन्हा अंग कोमट लागलं, तेव्हा सासूबाईंना कारण कल्याणीनंच सांगितलं.

जाऊबाईंचं मत बदललेलं नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, असं मी कल्याणीला म्हटलं होतं. तिनं त्यांना एवढंच विचारलं, पोराच्या बोलण्यासाठी सध्या काय चाललंय? काहीच नव्हतं. दोघी मिळून त्याला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात घेऊन गेल्या. तिथे तपासणी झाली आणि आता त्याची वाचा-उपचाराची सत्रं सुरू आहेत.